ऑफसाइडची शिट्टी केव्हा वाजवावी?



फुटबॉलच्या खेळाचे एकंदर सतरा नियम आहेत. त्यांतले सोळा नियम खेडेगावातल्या शाळेतली मुले एका सुट्टीत शिकतात. काही तर न शिकवताच शिकतात. चेंडूला हात लावायचा नाही, समोरच्याला पाडायचे नाही, रेषेबाहेर गेलेला चेंडू दुसऱ्या पक्षाचा, हे कळायला पुस्तक लागत नाही. गाडे अडते ते अकराव्या नियमापाशी. हा अकरावा नियम म्हणजे ऑफसाइड.

आज मी ह्या एका नियमाविषयी बोलणार आहे, आणि तेही खेळाडूच्या बाजूने नव्हे, तर पंचाच्या बाजूने. आता पंच म्हणजे कोण? शहरांतल्या मोठ्या स्पर्धांना परीक्षा दिलेले पंच असतात. पण तालुक्याच्या आंतरशालेय सामन्यात शिट्टी येते ती बहुधा एखाद्या शिक्षकाच्या हाती. सकाळी गणित शिकवणारे गुरुजी दुपारी पंच होतात. "तेवढी शिट्टी तुम्हीच धरा," असे हेडमास्तर म्हणतात, आणि गुरुजींना नाही म्हणवत नाही. पहिली दहा मिनिटे बरी जातात. मग एखादा चपळ पोरगा सगळ्यांना मागे टाकून चेंडू घेऊन एकटाच सुटतो, मैदानाच्या कडेने शंभर तोंडांतून एकच आरोळी उठते, "ऑफसाइड!", आणि गुरुजींची शिट्टी आपोआप वाजते.

ती शिट्टी चुकीची असली तर त्या पोराचे काय जाते, ह्याचा जरा विचार करावा. कदाचित सबंध वर्षात त्याला मिळालेली ती एकुलती एक संधी असते. त्याने नियम मोडलेला नाही, उलट योग्य वेळ साधून तो धावला आहे. आणि त्याच्या ह्या शहाणपणालाच आपण गुन्हा ठरवले. पुढच्या वेळी तो धावणार नाही. म्हणून हा विषय मी किरकोळ समजत नाही.

नियम कशासाठी आहे हे कळले म्हणजे तो लावावा कसा हे निम्मे कळते. प्रतिपक्षाच्या गोलापाशी एकाने टपून उभे राहायचे, बाकीच्यांनी लांबून चेंडू त्याच्याकडे लाथाडायचा आणि त्याने तो आत सारायचा, असे चालू दिले तर खेळात राम राहणार नाही. हे टपून बसणे बंद व्हावे एवढाच ह्या नियमाचा हेतू. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पहिल्या नियमावलीत तर सहकाऱ्याने चेंडू मारताना चेंडूच्या पुढे असलेला खेळाडू बहुतेक बादच समजला जाई. म्हणजे पुढे पास द्यायची सोयच नव्हती! १८६६ साली हे बंधन सैल झाले. खेळाडू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असले तर चालेल असे ठरले. १९०७ साली आपल्या अर्ध्या मैदानात असलेल्याला ऑफसाइडमधून वगळले. पण बचाव करणारेही काही कमी नव्हते. न्यूकॅसल युनायटेडचा बॅक बिल मॅक्रॅकन हा ऐन वेळी दोन पावले पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडण्यात इतका तरबेज झाला, आणि त्याचे पाहून इतरही इतके शिकले, की सामने शिट्ट्यांनी भरून गेले आणि गोल आटले. शेवटी १९२५ साली तिनाचे दोन केले. परिणाम काय झाला पाहा. इंग्लंडच्या पहिल्या विभागाच्या साखळी सामन्यांत १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते; त्याच्या पुढच्या हंगामात झाले १७०३. पुढे १९९० साली आणखी एक सवलत आली. शेवटून दुसऱ्या बचाव करणाऱ्याच्या बरोबरीत असलेला खेळाडू तोवर ऑफसाइड धरला जाई, तो आता धरू नये असे ठरले.

हा इतिहास मी सांगितला तो सनावळी पाठ व्हावी म्हणून नव्हे. ह्या दीडशे वर्षांत नियम बदलला तो जवळजवळ दर वेळी चढाई करणाऱ्याच्या बाजूने बदलला, हे ध्यानात यावे म्हणून. खेळ थांबावा ही नियम करणाऱ्यांची इच्छा नाही. तो चालावा अशी आहे. शिट्टी तोंडात धरणाऱ्याने आधी हे मनाशी पक्के केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष नियमाकडे वळू. ऑफसाइडच्या जागी कोण? जो प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात आहे, चेंडूच्या पुढे आहे, आणि शेवटून दुसऱ्या प्रतिपक्षीयाच्याही पुढे आहे, तो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. एक जरी नसली तरी तो मोकळा. मध्यरेषेवर उभा असलेला मोकळा. चेंडूच्या मागे किंवा चेंडूच्या बरोबरीत असलेला मोकळा, मग त्याच्यापुढे प्रतिपक्षाचा एकही माणूस नसला तरी चालेल. हे शेवटचे अनेकांना खरे वाटत नाही. कडेने धावणारा मुलगा थेट गोलरेषेपर्यंत चेंडू नेतो आणि तिथून मागे, मधल्या साथीदाराला पास देतो. साथीदार गोलापासून तीन पावलांवर उभा असतो, पण पास देताना तो चेंडूच्या मागे असतो. हा गोल शंभर टक्के बरोबर आहे. प्रेक्षक ओरडतील. ओरडू द्यावे.

दुसरा घोळ गोलरक्षकाचा. "गोली सोडून आणखी एक हवा" असे आपल्याकडे सर्रास सांगतात. एरवी ते चालून जाते, कारण गोली बहुधा सगळ्यांच्या मागेच असतो. पण नियमाच्या ह्या मोजणीत गोली वेगळा धरलेला नाही; तिथे फक्त शेवटून दुसरा प्रतिपक्षीय आहे. गोली पुढे धावून आला आणि मागे एकच बॅक राहिला, तर त्या बॅकच्या बरोबरीने उभा असलेला खेळाडू ऑफसाइडच्या जागी असू शकतो. २०१० च्या विश्वचषक स्पर्धेत जोहान्सबर्गला अर्जेंटिना आणि मेक्सिको यांचा सामना झाला, त्यात अशीच वेळ आली. मेक्सिकोचा गोली चेंडू अडवायला पुढे आला होता. मेस्सीने चेंडू पुन्हा गोलाकडे उंच टाकला आणि टेवेझने तो डोक्याने आत ढकलला. टेवेझ सगळ्यांच्या पुढे होता, तरी पंचांनी गोल दिला. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा दाखवला गेला, तेव्हा सगळ्या जगाला चूक दिसली. पण पडदा पाहून निर्णय फिरवण्याची मुभा त्या काळी पंचांना नव्हती. गोल कायम राहिला. गोली जागा सोडतो तेव्हा जगातल्या उत्तम पंचांची नजरसुद्धा क्षणभर चुकते, हे त्यातून घ्यायचे. गोली बाहेर निघाला की पंचाने मनातल्या मनात माणसे पुन्हा मोजावीत.

मोजताना हात मात्र मोजायचे नाहीत. डोके, धड आणि पाय एवढेच धरायचे. हात, म्हणजे काखेच्या खालच्या कडेपासून बोटांपर्यंतचा भाग, कोणाचाच धरायचा नाही, गोलीचादेखील नाही. ज्या अवयवाने गोल करता येत नाही तो पुढे असला म्हणून फायदा कसला?

इथवर जागेचे झाले. आता वेळेचे, आणि माझ्या मते शाळेच्या सामन्यांतल्या दहांतल्या सात चुका इथेच होतात. खेळाडू ऑफसाइडच्या जागी आहे की नाही, हे पाहायचे ते सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी. चेंडू त्याच्यापर्यंत पोचतो त्या क्षणी नव्हे. साधा हिशेब करून बघा. चांगला धावणारा मुलगा सेकंदाला सात मीटर जातो. लांबून मारलेला चेंडू दोन सेकंद हवेत राहिला, तर तेवढ्या वेळात तो मुलगा चौदा मीटर पुढे गेला. पास निघाला तेव्हा तो बॅकच्या मागे होता. चेंडू पायाशी आला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे एकटा आहे. बघणाऱ्यांचे डोळे चेंडूबरोबर फिरत असतात, त्यामुळे त्यांना दिसते ते हे दुसरे चित्र. पंचाने निर्णय करायचा तो पहिल्या चित्रावरून. पाय चेंडूला लागला की त्या क्षणाचा जणू मनात फोटो काढून ठेवायचा, आणि पुढे काहीही होवो, तो फोटो बदलायचा नाही. उलट बाजूही ह्यात आली. पास निघताना जो ऑफसाइडच्या जागी होता, तो चेंडू पोचेपर्यंत मागे पळत आला म्हणून निर्दोष होत नाही.

ही नजर यायची कशी? डोळा एकाच वेळी मारणाऱ्याच्या पायावर आणि चाळीस पावलांवरच्या बॅकवर राहू शकत नाही. म्हणून पंच आणि रेषापंच एक युक्ती करतात. डोळे शेवटच्या फळीवर ठेवतात आणि पायाचा ठोका कानाने ऐकतात. 'धप्' आवाज आला की समोर जे दिसले ते खरे. आता विज्ञानाचे गुरुजी म्हणतील, आवाजालाही चौतीस मीटर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. खरे आहे. तेवढी तूट शाळेच्या मैदानावर सोसावी.

जागा झाली, वेळ झाली. तरी अजून शिट्टी वाजवायची नाही! ह्याच ठिकाणी मला सर्वांत जास्त थांबायचे आहे. नियमाचे वाक्यच असे आहे की, ऑफसाइडच्या जागी असणे हा गुन्हा नाही. कणसांनी भरलेल्या शेताच्या बांधावर कोणी उभा राहिला, तर तेवढ्यावरून आपण त्याला चोर म्हणत नाही. कणसाला हात घातला की मग म्हणतो. ऑफसाइडचे असेच आहे. त्या जागी असलेल्याने पुढे खेळात भाग घेतला, तरच शिट्टी.

भाग घेणे म्हणजे काय, ह्याला काही ठरीव वाटा आहेत. सरळ वाट म्हणजे सहकाऱ्याकडून आलेल्या चेंडूला त्याने स्पर्श केला. ह्यात वाद नाही. दुसरी वाट प्रतिपक्षीयाला अडथळा करण्याची. गोलीच्या अगदी समोर उभे राहून त्याची नजर झाकली, चेंडूसाठी बॅकशी झुंज घेतली, किंवा जवळ आलेल्या चेंडूवर पाय टाकला आणि त्यामुळे गोली फसला, तर स्पर्श न होताही गुन्हा होतो. आणि तिसरी वाट आयत्या फायद्याची. सहकाऱ्याने गोलावर मारलेला चेंडू खांबाला, आडव्या दांडीला किंवा बॅकला थडकून परत आला, किंवा गोलीने अडवला आणि हातून सुटला, आणि मारतेवेळी ऑफसाइडच्या जागी असलेल्याने तो आत ढकलला, तर तोही गुन्हा. "गोलीच्या हाताला लागून आला, आता ऑफसाइड कसला?" असे मुले भांडतात. अडवताना लागलेल्या हाताने जुना हिशेब पुसला जात नाही, असे त्यांना शांतपणे सांगावे.

पण कडेला दूर उभा असलेला, बुटाची नाडी बांधणारा, किंवा आपण ऑफसाइड आहोत हे ओळखून चेंडू सोडून देणारा खेळाडू ह्यांच्यातल्या कोणत्याच वाटेने गेलेला नसतो. मागून दुसरा, नियमात असलेला साथीदार येऊन तो चेंडू घेतो, तेव्हा खेळ चालू राहिला पाहिजे. इथे पंचाला थांबता आले पाहिजे. दोन सेकंद. शिट्टी तोंडात असावी, फुंकर नसावी. उशिरा वाजलेल्या शिट्टीने फार तर थोडी कुरकुर होते, पण लवकर वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. आणि पुढे गोल झाला असता की नाही, हे मग कधीच कळत नाही. एकच अपवाद. ऑफसाइडच्या जागी असलेला मुलगा आणि गोली हे दोघेच चेंडूवर धावत आहेत, टक्कर होणार असे दिसते, तेव्हा मात्र लगेच वाजवावी. मुलांचे हातपाय आधी.

भाग घेणे आणि न घेणे ह्यांची सीमा किती पुसट असते, ह्याचा एक अलीकडचा दाखला सांगतो. १४ जानेवारी २०२३ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी यांचा सामना होता. युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइडच्या जागी होता. पुढे आलेल्या पासमागे तो धावला, चेंडूच्या अगदी लगत बरेच अंतर धावला, पण त्याने स्पर्श केला नाही. मागून ब्रुनो फर्नांडिस आला, तो नियमात होता, आणि त्याने गोल मारला. रेषापंचाने निशाण वर केले होते. पंचांनी त्याच्याशी बोलून गोल दिला. स्पर्श नाही, कोणाला धक्का नाही, कोणाची नजर अडवलेली नाही, म्हणून गुन्हा नाही, असा त्यामागचा विचार होता. मला स्वतःला तो पटत नाही. माणूस चेंडूला चिकटून धावतो, पाय उचलतो, तेव्हा बॅक आणि गोली त्याच्याच भरवशावर आपली चाल ठरवतात. त्यांच्या खेळावर परिणाम होतोच. पण हे माझे मत झाले, आणि जाणती माणसे दोन्ही बाजूंना आहेत. आपल्या पंच-गुरुजींनी त्यातून एवढेच घ्यावे की, "शिवला का?" हा पहिला प्रश्न असला तरी तो एकच प्रश्न नव्हे. "त्याच्यामुळे समोरच्याला चेंडू खेळता आला नाही का?" हा दुसरा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा.

ह्याच्या जोडीने आणखी एक अवघड जागा येते. पास मध्येच बचाव करणाऱ्याच्या पायाला लागला आणि मग ऑफसाइडवाल्याकडे गेला, तर? नियम म्हणतो, बचाव करणारा तो चेंडू जाणूनबुजून खेळला असेल तर जुना ऑफसाइड संपला. नुसता लागून दिशा बदलली असेल तर संपला नाही. ऐकायला सोपे. १० ऑक्टोबर २०२१ रोजी मिलान शहरात फ्रान्स आणि स्पेन यांचा नेशन्स लीगचा अंतिम सामना झाला. फ्रान्सचा एम्बापे ऑफसाइडच्या जागी होता. त्याच्याकडे निघालेल्या पासवर स्पेनच्या एरिक गार्सियाने झेप घेतली, चेंडूला त्याचा पाय ओझरता लागला, आणि चेंडू एम्बापेकडे गेला. गोल! पंचांनी तो मान्य केला, कारण गार्सिया चेंडू खेळायलाच गेला होता. फ्रान्सने सामना २-१ असा जिंकला आणि एकच गदारोळ झाला. ज्याने धोका टाळण्यासाठी जिवाच्या आकांताने पाय घातला, त्याच्याच पायामुळे समोरचा निर्दोष ठरावा, हे कोणालाच रुचले नाही. तेव्हा २०२२ च्या उन्हाळ्यात नियम ठेवणाऱ्या मंडळाने खुलासा केला. खेळाडूच्या ताब्यात चेंडू येऊ शकेल अशी स्थिती होती का, ते पाहावे. चेंडू लांबून येत होता का, त्याला नीट दिसत होता का, वेग बेताचा होता का, अंग सावरायला सवड होती का. असे असून त्याचा फटका चुकला, तर ती त्याची चूक, ऑफसाइड संपला. पण हातापायांची ओढाताण करून कसाबसा स्पर्श झाला, तर ते जाणूनबुजून खेळणे नव्हे.

शाळेतल्या मुलांच्या बाबतीत मी हे आणखी सोपे करून सांगतो. "ह्या मुलाला चेंडू कुठे मारायचा हे ठरवायला वेळ होता का?" एवढे स्वतःला विचारावे. होता, तर खेळ चालू. नव्हता, तर ऑफसाइड कायम. मात्र गोलात जाणारा चेंडू अडवणे, ह्याला ही सवलत नाही. ते कितीही जाणूनबुजून केले तरी ऑफसाइड संपत नाही.

तीन प्रसंगी ऑफसाइड मुळीच नाही. गोल किक, कॉर्नर किक आणि थ्रो-इन ह्यांवरून चेंडू सरळ मिळाला तर खेळाडू कुठेही असो, शिट्टी नाही. 'सरळ' हा शब्द महत्त्वाचा. थ्रो-इन एकाने घेतला, दुसऱ्याने पायाने पुढे दिला, की हिशेब नव्याने सुरू.

आता पंचाने उभे राहायचे कुठे? रेषापंच, ज्यांना १९९६ पासून सहायक पंच म्हणतात, ते असतील तर ऑफसाइडची पहिली नजर त्यांची. त्यांनी कडेच्या रेषेवर शेवटून दुसऱ्या बचाव करणाऱ्याच्या अगदी बरोबरीत राहायचे. चेंडू त्याच्याही पुढे गेला तर चेंडूच्या बरोबरीत. बरोबरीत म्हणजे बरोबरीतच. प्रयोगशाळेत मोजपट्टी तिरक्या नजरेने वाचली तर आकडा चुकतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, इथेही तेच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली 'नेचर' ह्या नियतकालिकात दाखवून दिले, की रेषापंचांच्या कितीतरी चुका पक्षपातामुळे नव्हे, तर उभे राहण्याच्या जागेमुळे होतात. एखाद-दुसरे पाऊल पुढे-मागे झाले की जवळचा आणि दूरचा खेळाडू ह्यांच्यातली रेषा डोळ्याला तिरकी दिसते, आणि बरोबरीत असलेला माणूस पुढे वाटतो. माणसाच्या डोळ्याची ही मर्यादा ओळखूनच २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात बारा कॅमेरे लावले होते. प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे एकोणतीस बिंदू ते सेकंदाला पन्नास वेळा टिपत, आणि चेंडूच्या पोटातले यंत्र सेकंदाला पाचशे वेळा खबर देई. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल रद्द झाला. तो का रद्द झाला, हे बघणाऱ्यांना बराच वेळ उमगले नव्हते! गोली पुढे आलेला होता, त्यामुळे माणसे मोजण्यात घोळ झाला होता. पण त्या यंत्रालासुद्धा भाग घेतला की नाही हे ठरवता येत नाही. ते पंचालाच ठरवावे लागते.

आपल्या मैदानावर बारा कॅमेरे नाहीत. पुष्कळदा रेषापंचही नाहीत. फक्कीची रेषासुद्धा दुसऱ्या डावापर्यंत पायांनी पुसलेली असते. अशा वेळी एकट्या पंचाने मैदानाच्या मधोमध, चेंडूच्या मागे मागे धावू नये. तिथून सगळे खेळाडू एकामागे एक दिसतात आणि कोण पुढे, कोण मागे काही कळत नाही. जरा कडेला सरकून, शेवटची फळी आडवी दिसेल असे राहावे. चेंडू थोडा लांब राहिला तरी चालेल. आणि इतके करूनही खात्री नसेल, तर शिट्टी वाजवू नये. शंकेचा फायदा चढाई करणाऱ्याला, हा पंचांमधला जुना संकेत आहे. बॅक लोकांची एक खोड असते: चारही जण एकदम हात वर करून उभे राहतात आणि पंचाकडे पाहतात. हात वर करणे म्हणजे साक्ष नव्हे. बऱ्याच वेळा तो नुसता थकवा असतो!

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना प्रेक्षकांचा आवाज म्हणजे काय ते सांगायला नको. तिथल्या प्रेक्षकाला नियम चांगला कळतो. पण आपल्या पेठेचा गोली हरतो आहे असे दिसले, की नियम जाणणाऱ्यालाही सगळीकडे ऑफसाइडच दिसू लागतो. गावातल्या सामन्यात तर ओरडणाऱ्यांत सरपंच असतात, पालक असतात, कधी हेडमास्तरही असतात. पंच-गुरुजींची खरी परीक्षा तिथे. नंतर कोणी विचारले तर त्यांना एका वाक्यात सांगता आले पाहिजे: "पास निघाला तेव्हा तो बॅकच्या मागे होता," किंवा "पुढे होता, पण त्याने भाग घेतला नाही." असे वाक्य मनात तयार नसेल, तर शिट्टीला हात घालू नये.

शिट्टी वाजवली तर पुढे काय? प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावरून सरळ गोल होत नाही ती. गुन्हा घडला तिथून. पास निघाला तेव्हा तो जिथे उभा होता तिथून नव्हे, तर त्याने खेळात भाग घेतला तिथून, मग ती जागा त्याच्या स्वतःच्या अर्ध्या मैदानात का असेना. पंचाने एक हात सरळ वर करावा, म्हणजे फ्री किक अप्रत्यक्ष आहे हे सगळ्यांना कळते. कार्ड नाही, रागावणे नाही. ऑफसाइड हा पकडला गेलेला डाव आहे, ती काही खोडी नव्हे. आणि मुलाला तसे वाटू देऊ नये.

काही धूर्त बॅक चेंडू येताना मुद्दाम गोलरेषेच्या बाहेर पाऊल टाकतात, म्हणजे आपण मोजण्यात येणार नाही आणि समोरचा ऑफसाइड ठरेल, अशी त्यांची अटकळ. नियमाने ती पळवाट बुजवली आहे. असा खेळाडू गोलरेषेवरच उभा आहे असे धरायचे. तो दुखापत होऊन बाहेर पडला असला तरी हेच.

अगदी लहान मुलांचा, सहा-सात जणांचा खेळ असेल आणि मैदान चिमुकले असेल, तर माझी सूचना आहे की ऑफसाइड ठेवूच नये. फुटसाल नावाच्या पाच जणांच्या खेळात तो नसतोच, आणि तो खेळ काही बिघडलेला नाही. मुले जरा मोठी झाली, पास द्यायला शिकली, म्हणजे नियम आणावा. मात्र ठेवणार की नाही, हे सामन्याआधी सांगावे. गोल झाल्यावर नव्हे.

आणि सामन्याआधी आणखी थोडे. दोन जाणत्या मुलांच्या हातांत दोन रुमाल द्यावेत, एकेका कडेला एकेक. सगळ्यात मागच्या बॅकच्या बरोबरीने चालत राहा, गोली पुढे आला तर माणसे नव्याने मोजा, आणि खात्री असेल तरच रुमाल वर करा, एवढेच त्यांना सांगावे. मग दोन्ही कप्तानांना जवळ बोलावून त्यांच्यादेखत म्हणावे, "रुमाल वर झाला तरी माझी शिट्टी होईपर्यंत कोणी थांबायचे नाही." त्यांनी मान हलवली, की नाणे उडवावे.